आधी यादी, मग कार्यालय

सोयरीक जमली, सुपारी फुटली, की छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात पहिला प्रश्न येतो तो ‘कार्यालय कुठलं धरलं?’ मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, हे प्रश्न त्यानंतरचे. माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा दाजींनी गावाहून फोन केला. म्हणाले, “तुम्ही शहरात राहता, तुम्हीच चार ठिकाणं बघून ठेवा.” त्या चारांची पुढे चौदा झाली. सहा रविवार मी वही घेऊन फिरलो. कार्यालयाच्या मॅनेजरांशी, आचाऱ्यांशी, मांडववाल्यांशी बोललो आणि गल्लीत ज्यांच्याकडे नुकतेच लग्न झाले होते त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यातून कळलेले सगळे इथे मांडतो आहे, कारण हा निर्णय आपण फार घाईत आणि उलट्या क्रमाने घेतो, अशी माझी खात्री झाली आहे.

उलटा क्रम असा. आधी तिथी निघते, मग त्या तिथीला मोकळे असेल ते कार्यालय धरले जाते आणि सगळ्यांत शेवटी पाहुण्यांची यादी होते. लॉन हजार माणसांचे असले की यादीही हजाराची होते. पाचशे माणसांत लॉन रिकामे दिसेल, फोटोत खुर्च्या मोकळ्या येतील, या धास्तीने ज्यांची दहा वर्षांत गाठ पडलेली नाही त्यांनाही पत्रिका जाते. मग हजार ताटे, हजारांचे पाणी, हजारांचे पार्किंग आणि त्या मापाचे कर्ज. दाजींच्या पहिल्या यादीत नऊशे नावे होती. ती त्यांनी माणसे आठवून केली नव्हती, बायपासवरचे एक लॉन डोळ्यांसमोर ठेवून केली होती.

आता आपल्या भागाचे पाहू. गजानन महाराज मंदिराच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला हा परिसर, हनुमाननगर, न्यायनगर, पुढे सिडकोचे एन-३ आणि एन-४. यातला बराच भाग गुंठेवारीतून उभा राहिला. वीस बाय तीसचा प्लॉट, त्यावर आधी पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग वरचा मजला. इथली कुटुंबे जालना, बीड, परभणी, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या गावांतून आलेली. बाप कंपनीत किंवा दुकानात, आई शिवणकाम नाहीतर मेस चालवणारी, मुले शिकलेली. अशा घरात लग्न निघाले की दोन ओढी एकाच वेळी सुरू होतात. गावाला वाटते, शहरात गेलेल्याने दणक्यात करावे. घरातल्या हिशेबाच्या वहीला ते झेपत नाही.

सगळ्यांत जुनी जागा म्हणजे दारातला मांडव. आमच्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी असे लग्न होई. रात्री हळद, सकाळी आंब्याच्या डहाळ्या, शेजाऱ्यांच्या गच्च्यांवर पाहुणे आणि जेवणाची पंगत रस्त्यावर. माया त्यात भरपूर होती. पण तेव्हा गल्लीत चार मोटारसायकली होत्या. आज दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधून रिक्षा जेमतेम जाते. तिथे आडवा मांडव पडला की गल्ली चोवीस तास बंद होते. पलीकडे कोणाला छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिका आत येणार कशी? सणांच्या मंडपांबाबत डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने रस्ता आणि पदपथ अडवू नयेत, असे बजावले आहे. लग्नाच्या मांडवालाही महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते, आणि ती न घेता मांडव टाकण्याची रीत आपण मोडायला हवी. माझे मत असे, की हळद, मांडवडहाळे, देवक दारातच व्हावे, ते घराचे विधी आहेत. अक्षता दुसरीकडे पडाव्यात.

गावाकडे लग्न करणे हा दुसरा पर्याय. तो पुष्कळ जण चर्चेलाही घेत नाहीत, याचे मला वाईट वाटते. गावात शाळेचे पटांगण असते, मारुतीच्या पारापासून परण्या निघतो, भावकी वाढायला उभी राहते, आचारी ओळखीचा असतो. खर्च कमी होतो हे उघड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे म्हातारी माणसे लग्नाला येऊ शकतात. अडचण उलट्या बाजूची आहे. मुलाकडचे शहरातले असले तर जानोशाची सोय, राहण्याच्या खोल्या, स्वच्छ संडास यावर गाडी अडते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पिण्याचे पाणीच टँकरवर असते. त्या गावावर आणखी पाचशे माणसांचे पाणी लादणे मला पटत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीतले लग्न असेल, तर मात्र गावाचा विचार जरूर करावा.

वसाहतीतली हॉलवजा मंगल कार्यालये हा तिसरा पर्याय. खाली भोजनकक्ष, वर लग्नाचा हॉल, दोन्ही पक्षांना दोन-दोन, तीन-तीन खोल्या. गारखेडा, सिडको, उस्मानपुरा, जुन्या शहराचा कडेचा भाग, सगळीकडे अशी कार्यालये आहेत. ती दिसायला साधी असतात, फोटोत खुलत नाहीत, म्हणून हल्ली मागे पडली. पण दोनशे ते चारशे माणसांच्या लग्नाला यांच्याइतकी सोयीची जागा मला दिसली नाही. डोक्यावर पक्के छत, घरापासून दोन-तीन किलोमीटर, सिटी बस किंवा रिक्षाने पोहोचता येईल असे ठिकाण. खोट असते ती पार्किंगची आणि जिन्याची. ज्या हॉलमध्ये लग्न वरच्या मजल्यावर लागते आणि लिफ्ट नाही, तिथे आजी-आजोबांना खालीच बसवून ठेवावे लागते. मंगलाष्टका त्यांना फक्त स्पीकरवर ऐकू येतात. मी अशी दोन कार्यालये वहीतून खोडून टाकली.

आणि मग बीड बायपासची लॉन्स. शहरातल्या लग्नांचा मोठा लोंढा आज तिकडे जातो. एमआयटी, देवळाई चौक, सातारा परिसराच्या बाजूने एकामागे एक कमानी दिसतात. पुंडलिकनगरातून तिकडे जायचे तर शिवाजीनगरच्या रेल्वेमार्गावरून. एके काळी तिथल्या फाटकात अर्धे वऱ्हाड अडकलेले आणि पलीकडे नवरदेव घोड्यावर बसलेला, हे मी स्वतः पाहिले आहे. आता तिथे भुयारी मार्ग झाला, बायपास रुंद झाला, उड्डाणपूल आले. तरीही दाट तिथीला संध्याकाळी सात ते दहा या वेळात तो रस्ता ओलांडणे सोपे नाही. एकेका लॉनसमोर शेकडो गाड्या, मधूनच वरात, कडेला बँड. हा रस्ता अपघातांसाठी फार काळ बदनाम होता. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन रात्री अकराला तिथून परतायचे, हा विचार लॉन धरताना कोणी करत नाही.

लॉनचे गुणही सांगायला हवेत. मोकळी हवा, गाड्या लावायला जागा, मुलांना पळायला मैदान, आणि जेवणाची गर्दी पांगते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी लॉनवरचे लग्न खरोखर देखणे होते. मात्र आपल्याकडे लग्नांचा मोसम भर उन्हाळ्यात असतो आणि बाराच्या मुहूर्ताला बेचाळीस अंशांत गवतावर बसवलेल्या पाहुण्याला त्या देखणेपणाचा उपयोग नसतो. वैशाखात वळवाचीही भीती. संध्याकाळी चारला आभाळ भरून येते आणि दहा मिनिटांत वारा कापडी मांडव उचलून नेतो. मे २०१७ मध्ये राजस्थानात भरतपूरला वादळात लग्नस्थळाची भिंत कोसळली आणि वीसहून जास्त माणसे गेली. म्हणून एप्रिलनंतरच्या लॉनच्या लग्नाला माझी एकच अट होती, पाऊस आला तर सगळे पाहुणे मावतील एवढे पक्के छत तिथे असले पाहिजे. चौदांतल्या आठ लॉनपैकी दोघांकडेच ते होते.

जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलांबद्दल थोडक्यात सांगतो. शंभर-दीडशे माणसांत, ताटामागे दर ठरवून, कसली धावपळ न करता लग्न करायचे असेल आणि खिशाला परवडत असेल, तर ती उत्तम. आमच्या गल्लीत तो प्रश्न फारसा येत नाही.

मंदिरातल्या आणि नोंदणीच्या लग्नांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यांच्याकडे अजून ‘अडचणीतले लग्न’ म्हणून पाहिले जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधी हवेत असे म्हटले आहे, जागेबद्दल एक शब्द नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले, की विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणे आणि जेवणावळी नव्हेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अंतरपाट, सप्तपदी महत्त्वाची, कमान नव्हे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तर तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय एवढ्यात लग्न होते. आळंदीला इंद्रायणीकाठी वर्षभर लग्ने लागतात. मराठवाड्यातलीही कितीतरी कुटुंबे पंधरा-वीस माणसे घेऊन तिकडे जातात, एका दिवसात लग्न लावून माउलींचे दर्शन घेऊन परततात. त्यांच्यातल्या कोणाचा संसार त्यामुळे उणा झालेला मी पाहिलेला नाही. दीडशे वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह अगदी कमी खर्चात लागला होता. साधे लग्न ही आपल्याकडे शहाण्या माणसांनी विचारपूर्वक घातलेली वाट आहे.

आपल्याच शहरात याचे इतर नमुने आहेत. बौद्ध कुटुंबांतली लग्ने विहारात किंवा साध्या सभागृहात वंदना घेऊन लागतात आणि त्यांना तिथीची अडचण नसते. मुस्लिम कुटुंबांत मशिदीत निकाह लावून हॉल फक्त जेवणापुरता घेण्याची पद्धत आहे. लग्न एका ठिकाणी, जेवण दुसऱ्या ठिकाणी, हा विचार हिंदू कुटुंबांनीही करायला हरकत नाही. सकाळी मंदिरात पन्नास माणसांत लग्न आणि संध्याकाळी छोट्या हॉलमध्ये भोजन असे केले तर दिवसभराच्या भाड्याची गरजच उरत नाही.

सामूहिक विवाहांचेही तसेच. शेतकरी, शेतमजूर कुटुंबांतल्या मुलींसाठी राज्य सरकारची शुभमंगल योजना आहे, नोंदणीकृत सामूहिक विवाहात जोडप्याला अनुदान मिळते. तरी मध्यमवर्गीय घरे तिकडे वळत नाहीत, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. त्याच लोकांनी डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याचे भरभरून कौतुक केले होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून त्यांनी बेघर कुटुंबांसाठी ९० घरे बांधली. आणि लोक विसरतात तीही एक गोष्ट सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या भिसे वाघोलीत एका शेतकऱ्याच्या मुलीने, वडिलांना आपल्या लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून चिठ्ठी लिहून जीव दिला. मराठवाड्यात लग्नाच्या जागेची चर्चा करताना ही चिठ्ठी समोर ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

यादी छोटी करता येत नाही, हे म्हणणे मी यापुढे ऐकणार नाही. मार्च २०२१ मध्ये शहरात अंशतः टाळेबंदी लागली तेव्हा मंगल कार्यालये बंद झाली आणि लोकांनी नोंदणी पद्धतीने लग्ने केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यभर नियम आला, लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, पंचवीस माणसांत, आणि मोडला तर ५० हजार रुपये दंड. दुःखाचे दिवस होते ते. पण त्या दिवसांत लग्न लागलेली आमच्या गल्लीतली दोन जोडपी आज सुखाने नांदत आहेत आणि त्यांच्या आईबापांच्या डोक्यावर कर्ज नाही. २०२५ मध्ये पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या. त्यांत मोजके पाहुणे, वेळेवर लग्न, डीजेऐवजी पारंपरिक वाद्ये अशी आचारसंहिता ठरली. ती गावोगाव पाळली जावी, अशी माझी इच्छा आहे.

आता तिथीबद्दल. कार्यालयाचे भाडे गगनाला भिडते ते दाट तिथीमुळे. चातुर्मास गेला, पौष अनेक जण टाळतात, त्यात गुरू-शुक्राचा अस्त. २०२४ च्या मे महिन्यात दोन्ही ग्रह अस्तंगत होते, म्हणून नेहमीचे मुहूर्त जवळपास नव्हतेच. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने १७ मे ते १५ जून हा काळ त्यातून वजा. उरलेल्या दिवसांवर सगळा जिल्हा तुटून पडतो. एकाच दिवशी आचारी, घोडेवाला, बँड, गुरुजी, फोटोग्राफर, सगळेच दोन-दोन ठिकाणी बांधलेले असतात आणि मग कोणाचेही लग्न वेळेवर लागत नाही. पंचांगकर्ते अडचणीच्या प्रसंगासाठी गौणकाळातले मुहूर्तही देतात, गुरुजींना विचारले तर ते काढून देतात. बुधवार-गुरुवारचा असा मुहूर्त धरला तर भाडे उतरते, आणि मुख्य म्हणजे कार्यालयातली माणसे तुमच्याकडे लक्ष देतात. आम्ही हेच केले. गुरुजींनी पंधरा मिनिटांत तीन तारखा काढल्या.

जागा बघायला जाताना मी चार गोष्टींवर अडून बसलो आणि प्रत्येक ठिकाणी मॅनेजरच्या चेहऱ्यावर नवल दिसले, कारण हे प्रश्न कोणी विचारत नाही.

पहिले पाणी. आपल्या शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी येते आणि तरीही काही वसाहतींत आठ-आठ दिवस नळाला थेंब नसतो. लग्नात पिण्याचे, हात धुण्याचे, भांड्यांचे, संडासाचे मिळून माणशी पंधरा लिटर धरा. आठशे माणसांना बारा हजार लिटर लागतात, म्हणजे एक मोठा टँकर पुरता रिकामा. म्हणून टाकी किती लिटरची, बोअरला मे महिन्यात पाणी असते का, टँकर आणायचा झाला तर पैसे कोणी द्यायचे, हे आधीच विचारायचे. एका शेजाऱ्यांच्या लग्नात दुपारी दोनला पाणी संपले. नवरीची आई स्वतः फोन करून टँकर शोधत होती आणि पाठवणीच्या वेळी ती लेकीजवळ नव्हती. त्या माउलीने हे सांगताना डोळ्यांना पदर लावला.

दुसरे जेवण. ‘आमच्याकडे हजार माणूस जेवतं’ या वाक्याला अर्थ नाही, किती वेळात जेवतं हे विचारायला हवे. साधा हिशेब करा. आठशे माणसांसाठी बुफेच्या चार रांगा असल्या आणि तासाभरात सगळे जेवावेत असे वाटत असले, तर एका रांगेत दोनशे माणसे येतात, म्हणजे माणसामागे अठरा सेकंद. पुरी, भाजी, वरण, भात, जिलेबी, मठ्ठा, कोशिंबीर अठरा सेकंदांत ताटात पडत नाही. म्हणून रांग लागते, ढकलाढकली होते, म्हातारी माणसे मागे राहतात. पंगतीत एका वेळी दोनशे बसले आणि ताट उचलून पुन्हा मांडण्यापर्यंत पस्तीस मिनिटे लागली, तरी चार पंगतींत, सव्वादोन तासांच्या थोडे पुढे, सगळे समाधानाने उठतात आणि अन्नही कमी वाया जाते. मी पंगतीच्या बाजूचा आहे. ज्या कार्यालयात पंगतीची बाके काढून टाकली, तिथे निदान साठीच्या पुढच्यांसाठी टेबलखुर्च्यांची एक ओळ मागून घ्यावी. केटररकडे अन्नसुरक्षा परवाना आहे का, हे बघावे. आचारी घरचा चालतो का, बाहेरचा आणला तर कार्यालय जादा आकार लावते का, हेही पावतीवर लिहून घ्यावे.

तिसरी आग. यात मी कोणाचीही गय करू नये असे म्हणतो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचे स्नेहसंमेलन चालू होते. कापडी मांडवाने पेट घेतला, बाहेर पडायला वाट अपुरी, चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक लहान मुले. २०२१ च्या नोव्हेंबरात भिवंडीत एका लग्नाच्या हॉलजवळ आग भडकलेली आणि पाहुणे पुढे बसून जेवताहेत, असे चित्रीकरण देशभर फिरले. नशिबाने तिथे जीवितहानी झाली नाही. आपल्या शहरानेही २०१६ च्या दिवाळीत जिल्हा परिषद मैदानावरचा फटाकाबाजार डोळ्यांदेखत जळताना पाहिला आहे. २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे कार्यालयाच्या इमारतीला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मागायचे. बाहेर पडायच्या वाटा मोजायच्या, आणि त्यांतली एखादी खुर्च्यांच्या थप्प्यांनी किंवा कुलपाने बंद आहे का, हे स्वतः चालत जाऊन बघायचे. गॅसच्या टाक्या मांडवाच्या कापडापासून किती लांब आहेत, तेही.

चौथा आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. वसाहतीतल्या कार्यालयाच्या भिंतीला लागून बारावीचा अभ्यास करणारी मुले राहतात, आणि आपल्या लग्नाचा मोसम हाच त्यांच्या परीक्षेचा. डीजेला मुळातच परवानगी न देणारे एक कार्यालय मला मिळाले. मॅनेजर म्हणाले, “यामुळं दरवर्षी बुकिंग जातं आमचं.” मला वाटते, त्यांच्याकडे बुकिंग वाढायला हवे.

त्याच मॅनेजरांनी नवरानवरीची आधार कार्डे आणि शाळा सोडल्याचे दाखले मागितले. दाजींना राग आला. मला मात्र त्या माणसाचा आदर वाटला. मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा पूर्ण नसेल, तर २००६ च्याच बालविवाह प्रतिबंधक कायद्याने ते लग्न लावणाऱ्याला आणि होऊ देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मराठवाड्यात बालविवाह अजून होतात आणि ते थांबवण्याची एक जागा कार्यालयाचे बुकिंगचे टेबल आहे. शंका आली तर १०९८ वर फोन करता येतो.

पैशाबद्दल दोन गोष्टी. पहिली व्यवहाराची. अ‍ॅडव्हान्सची पक्की पावती घ्या. भाड्यात वीज, जनरेटरचे डिझेल, सफाई, सजावट, खोल्या यांतले काय धरले आहे, जीएसटी वेगळा की त्यातच, अनामत केव्हा परत, तारीख रद्द झाली तर किती कापणार, हे सगळे लेखी हवे. आमच्या एका नातेवाइकांना लग्नाच्या सकाळी सांगण्यात आले, की जनरेटरचे पैसे वेगळे. त्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांनी ते भरले. कागद असेल आणि फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. ‘लग्न दोन्ही अंगाने करून द्या’ असे बोलणीत सहज म्हटले जाते, म्हणजे कार्यालय, जेवण, मानपान सगळे मुलीकडच्यांनी करायचे, आणि वर लॉन कोणते तेही मुलाकडचे सांगणार. हुंडा १९६१ पासून कायद्याने बंद आहे. मागणी करून वसूल केलेला कार्यालयाचा खर्च हुंड्यापेक्षा वेगळा मानायला मी तयार नाही. जो पक्ष जागा निवडतो त्याने निम्मा खर्च उचलावा, हे याद्या होण्याआधीच बोलून टाकावे. भाचीने हे स्वतः तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी बोलून घेतले. तो मुलगा तयार झाला आणि त्याने वडिलांनाही तयार केले. तोवर आम्ही वडीलधारे हा विषय काढायला धजत नव्हतो.

शेवटी दाजी शहरात आले आणि आम्ही तिघे, दाजी, ताई आणि मी, नऊशे नावांची यादी घेऊन ओट्यावर बसलो. प्रत्येक नावाला ताई एकच विचारत होती, “हे माणूस आपल्या दुःखात आलं होतं का?” रात्री साडेअकराला दोनशे ऐंशी नावे राहिली. त्या आकड्यावर कार्यालय निवडले, घरापासून अडीच किलोमीटरवर, हॉल तळमजल्यावर, चाळीस हजार लिटरची टाकी, तीन दारे, बाके मांडून पंगत. लग्न बुधवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या मुहूर्तावर लागले. शेवटची पंगत दोनला उठली.

तुमच्या घरात लग्न ठरले असेल, तर कोणतेही कार्यालय धरण्यापूर्वी तिथे दुसऱ्या कोणाचे लग्न चालू असताना, बरोबर जेवणाच्या वेळी एकदा जाऊन या. रांगेत मागे उभी असलेली म्हातारी माणसे, नळाला येणारे पाणी आणि बाहेर पडायची दारे, एवढे बघा आणि मगच अ‍ॅडव्हान्स द्या.